घरभाडं आणि गाडीभाडं

रविवारी रात्री दहानंतर कोल्हापुरातल्या कावळा नाक्यावर थोडा वेळ उभं राहून बघा. ताराराणींच्या पुतळ्याच्या आसपास ट्रॅव्हल्सच्या गाड्या लागलेल्या असतात आणि गाडीवरची पोरं 'स्वारगेट, वाकड, हिंजवडी' असा पुकारा करत असतात. चढणाऱ्यांच्या पाठीवर लॅपटॉपची सॅक असते आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी. सोडायला आलेले वडील स्कूटर बंद न करताच 'पोचलास की फोन कर' म्हणतात आणि वळतात. दर आठवड्याचा निरोप, त्याचा सोहळा किती करायचा? पहाटे पाचच्या सुमाराला ही माणसं पुण्यात उतरतील, कुठल्यातरी खोलीत दोन-अडीच तास पाठ टेकतील आणि सोमवारचं काम सुरू करतील. शुक्रवारी रात्री हाच प्रवास उलट्या दिशेनं.

आमच्या शेजारी असाच एकजण राहतो. 'राहतो' हे क्रियापद त्याला कितपत लागू पडतं, हाच खरं तर या लेखाचा विषय आहे. वय पस्तिशीच्या आसपास, नोकरी संगणक क्षेत्रातली. २०२० साली टाळेबंदीत तो पुण्याहून घरी आला, दोन वर्षं इथूनच काम केलं, आणि आता हे असंच चालणार या भरवशावर त्यानं इथं फ्लॅट घेतला. मग कचेरीचं बोलावणं आलं. फ्लॅट इथं, हप्ता इथं, आई-वडील इथं, मुलीची शाळा इथं. नोकरी तेवढी तिथं. त्याची बॅग दाराच्या मागेच असते. शनिवारी त्यातले कपडे धुवायला निघतात आणि रविवारी दुपारी वाळलेले पुन्हा त्यातच जातात. मी एकदा विचारलं, 'अरे, एवढ्या लांबचं अपडाऊन झेपतं का?' तर हसून म्हणाला, 'काका, हितनं पुणं लांब न्हाई. पुण्यात पुणं लांब हाय.'

वाक्य फेकून देण्यासारखं नाही. हिशेब करून बघितला तर ते खरं निघतं. कोल्हापूर ते पुणे रस्त्यानं साधारण २३० किलोमीटर. महामार्गाची कामं, घाट, टोलनाके धरून जायला साडेपाच तास आणि यायला तेवढेच. म्हणजे आठवड्याला अकरा. पुण्याच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला हिंजवडी असलेल्या माणसाला जाता-येता दीड-दीड तास लागत असेल, तर पाच दिवसांचे त्याचे पंधरा तास होतात. तासांच्या तराजूत आमचा शेजारी पुणेकरापेक्षा चार तासांनी फायद्यात आहे. शिवाय तो ते तास झोपून काढतो, तर पुणेकर सिग्नलला क्लच दाबून.

मग त्याला परवडतं, असं म्हणायचं का? इथं आपली भाषा एक मजेशीर गोष्ट सांगते. घरमालकाला देतो तेही भाडं आणि गाडीवाल्याला देतो तेही भाडंच. या दोन खर्चांना मराठीनं वेगळे शब्द केले नाहीत, आणि अर्थशास्त्रज्ञांनीही पुढं तेच सांगितलं. विल्यम अलोन्सो या अभ्यासकानं १९६४ साली शहरातल्या जमिनीच्या किमतीविषयी जी मांडणी केली तिचा गाभा असा, की कामाच्या ठिकाणापासून जसजसं दूर जावं तशी जागा स्वस्त होते आणि प्रवास महाग होतो. माणूस या दोन्हींचा मेळ घालून आपलं घर निवडतो. घरभाडं कमी करायचं तर गाडीभाडं वाढवायचं. आमच्या शेजाऱ्यानं हेच केलं, फक्त शहराच्या टोकापर्यंत न थांबता तो थेट तीन जिल्हे ओलांडून आला.

पण या मांडणीत एक गृहीतक लपलेलं आहे. ज्याच्या पगारातून भाडं जातं तोच सगळी किंमत मोजतो, असं ती धरून चालते. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोन स्विस अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली, तेव्हा त्यांना दिसलं की कामासाठी लांबचा प्रवास करणारे लोक आपल्या आयुष्याविषयी कमी समाधानी असतात. स्वस्त घर किंवा जास्त पगार ती तूट भरून काढत नाही. सिद्धांताप्रमाणे ती भरून निघायला हवी होती. न निघण्याचं कारण माझ्या मते साधं आहे. लांबचा प्रवास निवडताना माणूस पैसे मोजतो, फार तर तास मोजतो. रात्री मोजत नाही.

आपण त्या मोजू. रविवारची रात्र गाडीत. सोमवार ते गुरुवार पुण्यात, 'कॉट बेसिस'वर. शुक्रवारची अर्धी गाडीत, अर्धी घरात. शनिवारची तेवढी पूर्ण घरची. सातांपैकी दीड रात्र. वर्षातले ४८ आठवडे असे धरले तर ७२ रात्री होतात. रजेचे चार आठवडे पूर्ण घरी काढले तर त्यात २८ मिळवा. वर्षाला बरोबर शंभर. घराचं कर्ज वीस वर्षांचं असतं. म्हणजे हप्ते फिटेपर्यंत तो स्वतःच्या घरात दोन हजार रात्री झोपलेला असेल. साडेपाच वर्षांहून थोडं कमी. बँकेच्या फॉर्मवर उत्पन्न विचारतात, वय विचारतात, जामीनदार विचारतात. या घरात तुम्ही किती रात्री झोपणार, हे कुणी विचारत नाही. आणि पुण्यातल्या कॉटचं भाडं, खानावळ, दोन्हीकडची विजेची बिलं, महिन्याची आठ तिकिटं हे सगळं मांडलं की 'स्वस्त' घराची किंमत पैशातसुद्धा बरीच वर सरकते.

पैशाचं तरी कागदावर येतं. कागदावर न येणारं भाडं घरी राहिलेली माणसं भरतात. शाळेतल्या पालकसभेपासून गॅस सिलिंडरपर्यंत आणि सासऱ्यांच्या रक्तदाबापासून सोसायटीच्या भांडणापर्यंत सगळं त्याच्या बायकोकडे. ती इथं एका खाजगी शाळेत शिकवते. म्हणजे नोकरी तिचीही आहे, पण बॅग दाराच्या मागे ठेवण्याची मुभा फक्त एकाला. कावळा नाक्यावरच्या त्या रांगेत बायका दिसतात, पण त्या बहुतेक अविवाहित मुली असतात. मूल झाल्यावर आठवड्यातून दीड रात्र घरी येणारी आई आपल्या समाजाला चालत नाही, बाप चालतो. तेव्हा लांबच्या अपडाऊनला आपण 'व्यक्तीची निवड' म्हणतो खरं, पण ती निवड उभी असते ती न निवडलेल्या दुसऱ्या कुणाच्यातरी खांद्यावर.

एरवी हे झाकलेलं राहतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते उघडं पडलं. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता जवळपास आठवडाभर बंद राहिला. पुण्यात बसलेली मुलं फोनवर विचारत होती, पाणी किती पायऱ्यांवर आलंय. आणि इथं म्हातारी माणसं शेजाऱ्यांच्या आधारानं वरच्या मजल्यावर सामान चढवत होती. २०२१च्या जुलैमध्ये रस्ता पुन्हा बुडाला. साडेपाच तासांचं अंतर कधी न ओलांडता येणारं होईल, हे गाड्यांच्या वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. याच भागातली माणसं गेलं अख्खं शतक मुंबईच्या गिरण्यांत होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, कोकण इथून गेलेला गडी गिरणगावातल्या एका खोलीत गाववाल्यांसोबत दाटीवाटीनं राहायचा. एका पाळीचा उठून कामावर गेला की त्याच जागेवर दुसऱ्या पाळीचा येऊन आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. गावाकडे महिन्याची मनीऑर्डर, आणि स्वतः जत्रेला, सुगीला नाहीतर गणपतीला. शेत, गुरं, म्हातारे, पोरं सगळं बाईच्या अंगावर. गिरणीमालकाला मजूर स्वस्त पडत होता, कारण मजुराचं कुटुंब पोसण्याचा निम्मा भार गावाकडची शेती आणि गावाकडची बाई उचलत होती. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि पुढं गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा तो भार किती होता ते कळलं: हजारो माणसं परत आली ती याच शेतांवर आणि याच बायकांच्या भरवशावर. गिरणगावातली खोली जाऊन 'पीजी' आला, मनीऑर्डर जाऊन फोनवरून पैसे आले, वर्षातल्या दोन खेपांच्या जागी आठवड्याची एक झाली. कामगाराची पदवीही वाढली. हिशेबाची रीत मात्र तीच राहिली. मोठं शहर माणसाच्या कामाचे तास घेतं आणि त्याला वाढवण्याचा, शिकवण्याचा, आजारपणात आणि म्हातारपणात सांभाळण्याचा खर्च लहान शहरावर टाकतं.

लहान शहर आणखी एक गोष्ट गमावतं. कोल्हापूर हे पेठांचं आणि तालमींचं गाव. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना असला की अर्धं गाव तिकडे असतं. ही मंडळं चालतात ती संध्याकाळी साडेसहाला मैदानावर हजर राहणाऱ्यांच्या जिवावर, रविवारच्या दीड दिवसाच्या पाहुण्यांच्या नव्हे. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून घालवला, तोही अशाच हजर माणसांनी. तिशी-चाळिशीतली शिकलेली, बोलकी, संतापणारी पिढीच आठवड्यातले पाच दिवस गावात नसेल, तर नळाला पाणी का नाही हे विचारायला महापालिकेत जायचं कुणी?

यावर शेजाऱ्याचं उत्तर तयार असतं, आणि ते मला खोडता येत नाही. 'मग काय करू? पुण्यात दोन खोल्यांत पाच माणसं कोंबू?' आई-वडिलांची मुळं इथं. पुण्यातल्या बाराव्या मजल्यावर नेलं तर त्यांचं देऊळ, त्यांचा भाजीवाला, त्यांचा रंकाळ्यावरचा कट्टा, सगळंच तुटणार. म्हणजे तो जे करतोय ते पैशाच्या लोभानं नव्हे, तर घर मोडू नये म्हणून. घर मोडू नये म्हणून तो घरात नसतो! या विरोधाभासाला दोषी तो नाही. म्हणून 'तरुणांनी विचार करायला हवा' छापाचा उपदेश मला इथं निरर्थक वाटतो. प्रश्न एका माणसाच्या निवडीचा असता तर उत्तरही त्याच्याकडे असतं.

मग उत्तर कुठे आहे? बहुतेकांच्या तोंडी पहिलं उत्तर येतं ते वेगाचं. रस्ता सहापदरी करा, गाडी जलद सोडा. गाडी सुटलीही. १६ सप्टेंबर २०२४ला कोल्हापूर-पुणे 'वंदे भारत' सुरू झाली. पण आठवड्यातून तीन दिवस, आणि सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकानुसार सकाळी सव्वाआठला निघून दुपारी दीडला पुण्यात. सोमवारी दीड वाजता कामावर पोचणाऱ्या माणसाला कुठली कंपनी ठेवून घेईल? रेल्वेचा मासिक पासही जास्तीत जास्त १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो. कोल्हापूर-पुणे लोहमार्ग सव्वातीनशेचा. मिरजेला रोज जाणारा चाकरमानी रेल्वेच्या लेखी पासधारक आहे, पुण्याला दर आठवड्याला जाणारा कायमचा पाहुणा. दुसरीकडे जपानमध्ये कुटुंब मागे ठेवून दुसऱ्या गावी नोकरी करण्याला 'तान्शिन फुनिन' असा रूढ शब्दच आहे, आणि रोजच्या जाण्या-येण्याचा खर्च सहसा नोकरी देणारा उचलतो. जर्मनीत घर ते कचेरी या अंतरावर करसवलत मिळते. त्या देशांनी निदान हे मान्य केलं, की अंतर ही कामाच्याच खर्चातली एक बाब आहे. आपल्याकडे तो कामगाराचा छंद समजला जातो.

तेव्हा सोमवारी सकाळी नऊच्या आत पुण्यात पोचवणारी आणि शुक्रवारी संध्याकाळी परत आणणारी गाडी हवी, पासाची मर्यादा वाढायला हवी, हे मी मागतोच. तरी वेगावर माझा पूर्ण भरवसा नाही. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केती यांनी १९९४ साली मांडलेलं निरीक्षण असं, की माणूस पायी चालत होता तेव्हाही आणि मोटारीत बसला तेव्हाही रोजच्या प्रवासाला साधारण तासभरच देत आला. वाहनं जलद झाली तशी शहरं तेवढीच पसरत गेली. मुंबईची लोकल हे त्याचं आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण; तिथं तर तासाची मर्यादाही कधीच ओलांडली गेली. लोकलच्या जोरावर विरार आणि बदलापूर परवडणारी झाली, परवडणारी म्हणून भरली, भरली म्हणून महागली, आणि परवडणारं घर आणखी पुढे सरकलं. मधल्या मध्ये गाडीच्या दारात लटकणं तेवढं कायम राहिलं. उद्या कोल्हापूर-पुणे तीन तासांवर आलं तर पुण्याचे पगार इथल्या जागांच्या किमती ठरवतील. मग इथल्याच पगारावर जगणारा शिक्षक, फौंड्रीतला मोल्डर, दुकानातला नोकर कुठे जाईल? आपलं शहर परवडतं ते अजून ते लांब आहे म्हणून, हे कटू सत्य आधी गिळायला हवं.

आणि दुसरं सत्य त्याहून कडू आहे. कोल्हापूर हे काही नुसतं लुबाडलं गेलेलं गाव नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत भट्टीसमोर उभी असलेली कितीतरी माणसं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली आहेत. त्यांची घरं इथून दीड-दोन हजार किलोमीटरवर, आणि त्यांच्या घरी जाण्याची खेप आठवड्याची नव्हे, वर्षाची. दिवाळीच्या सुमाराला आपल्या ऊसपट्ट्यात बीडकडच्या तोडणी टोळ्या येतात. ती माणसं तर नवरा-बायको मिळून पालात राहतात, आणि मागे गावाकडे म्हातारी आणि शाळेतली पोरं ठेवतात. पुणं जे आपल्याशी करतं तेच आपण त्यांच्याशी करतो, फक्त अंतर मोठं आणि मजुरी लहान. म्हणून 'पुण्यानं आमची पोरं नेली' असा गळा काढण्याआधी पालातल्या चुलीकडे एकदा बघावं. अंतराचं भाडं नेहमी खालच्या पायरीवरचा भरतो, आणि आपण मधल्या पायरीवर आहोत.

या साखळीतून सुटायचा रस्ता आहे का? मला तो कोल्हापूरच्याच इतिहासात दिसतो. इथं रेल्वे आली १८९१ साली, मिरजेहून. राजर्षी शाहू १८९४ला गादीवर आले. रूळ तयार होते; त्यावरून माणसं बाहेर जाऊ द्यायची की कामं आत आणायची, हा प्रश्न तेव्हाही होता. पुढच्याच वर्षी त्यांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. १९०१ला वसतिगृह काढलं आणि मग जातीजातींची वसतिगृहं उभी राहत गेली; बाहेरची मुलं शिकायला इथं येऊन राहू लागली. १९०६ला सूतगिरणीची पायाभरणी झाली. रेल्वेच्या या टोकाला त्यांनी काहीतरी ठेवलं, म्हणून गाड्या इकडेही भरून आल्या. रूळ दोन्ही बाजूंना सारखेच जातात. माणसं कुठल्या बाजूला वाहतील, ते टोकाला काय आहे यावर ठरतं. आज आपल्या टोकाला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, विद्यापीठ आहे, घरं आहेत, आणि आयटी पार्कच्या घोषणा आहेत.

काम माणसाकडे येऊ शकत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर एक चक्कर मारावी. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना उच्च न्यायालयात दाद मागायची तर मुंबई गाठावी लागायची. चंदगडचा शेतकरी एका तारखेसाठी रात्रीची गाडी पकडायचा, सकाळी मुंबईत उतरायचा, आणि 'पुढची तारीख' ऐकून परत रात्रीच्या गाडीत बसायचा. इथं खंडपीठ हवं म्हणून वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशकांहून अधिक काळ आंदोलन केलं. मोठ्या संस्था मोठ्या शहरातच शोभतात, असंच त्यांना ऐकवलं गेलं असणार. १७ ऑगस्ट २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झालं. महामार्गाचा एकही पदर न वाढवता, गाडी एका मिनिटानंही जलद न करता मुंबई जवळ आली. अर्थात सोलापूरकराला कोल्हापूर अजूनही लांबच आहे. साखळी संपली नाही, एक कडी आखूड झाली. तरी झाली.

न्यायालय येऊ शकतं, तर जे काम मुळातच तारेतून चालतं ते का येऊ नये? २०२० ते २०२२ या काळात ते इथं आलंच होतं. शेजाऱ्याच्या मागच्या खोलीत बसून ते बिनबोभाट चालत होतं. ते परत गेलं ते यंत्रांच्या अडचणीमुळे नव्हे. माणूस समोर बसलेला दिसला पाहिजे, या साहेबी सवयीमुळे. ही सवय मोडण्यासाठी सरकारकडून जागा, वीज आणि सवलती घेणाऱ्या कंपन्यांवर लहान शहरांत शाखा काढण्याची अट घालता येईल. आठवड्यातले दोन दिवस कचेरीत आणि तीन घरून, असा लेखी हक्क मागता येईल. तेवढ्यानंही दीड रात्रीच्या साडेचार होतात. आणि हे मागताना भट्टीवरच्या मोल्डरची खोली आणि तोडणी कामगाराच्या पोरांची शाळा हे मुद्दे त्याच निवेदनात हवेत. नाहीतर आपण फक्त आपली पायरी बदलून घेऊ.

आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलांकडे मुंबईच्या खेपेसाठी एक बॅग कायम भरलेली असायची. त्यात टॉवेल, दाढीचं सामान, एक जादा पांढरा सदरा. बेंच सुरू झाल्यावर काही दिवसांनी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांच्या पत्नी सांगत होत्या, 'ती बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली. तीस वर्षं दाराच्या मागची जागा अडवून बसली होती.' तिथं आता त्यांनी चपलांचा स्टँड ठेवलाय. मी घरी आलो तेव्हा रविवारची संध्याकाळ होती. शेजारच्या दाराआड इस्त्री चालू असल्याचा वास येत होता.